बैल नवा, वैरण तेवढीच

२००९ची लग्नसराई. घर मावल्यात, डीटीपीचं दुकान आदिलाबादेत. निम्म्या पत्रिका मराठी, निम्म्या तेलुगू. मोठ्या मॉनिटरसाठी पेंटियम फोरला सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणि दुसरी हार्डडिस्क जोडली. त्याच संध्याकाळपासून प्रिंट दिली की मशीन रिस्टार्ट. पत्रिका सेव्ह केलेली नसायचीच!

रॅमच्या पट्ट्या खोडरबरने घासल्या, रात्रभर मेमटेस्ट लावली, फॉरमॅट मारून एक्सपी दोनदा टाकली. निळी स्क्रीन वाचता यावी म्हणून आपोआप रिस्टार्ट होणं बंद केलं. तरी ती यायचीच नाही, नुसता अंधार. खरं तर तिथेच निदान होतं, पण मी सॉफ्टवेअरमागे धावत होतो.

शेवटी डबा सायकलला बांधून हायवेकडच्या रेडिओवाल्या अन्नांकडे नेला. (तो हायवे तेव्हा ७ नंबरचा, आता ४४.) अन्नांनी जन्मात कॉम्प्युटर उघडला नव्हता. काय काय जोडलं ते ऐकून म्हणाले, "नवा बैल जुंपलास. वैरण वाढवलीस का?"

मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस तोच जुना, २५० वॅटचा. मीटरचे दोन्ही पिन त्यांनी माझ्याच हातात दिले. काळी वायर, पिवळी वायर. "वाच." मशीन नुसतं चालू असताना ११.८. प्रिंट दिली आणि आकडा ११.१वर आला, लगेच अंधार. बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्के सूट, म्हणजे ११.४च्या खाली जायला नको, हे मी नंतर वाचलं. अन्नांना ते न वाचताच ठाऊक होतं.

प्लग काढला तरी त्यांनी एसएमपीएसला हात लावू दिला नाही. "आत तीनशे व्होल्ट बसलेत, उतरू दे." बऱ्याच वेळाने झाकण निघालं. दोन कंडेन्सरांची डोकी पुरीसारखी फुगलेली, एकातून तपकिरी चिकट काहीतरी ओघळलेलं.

भंगारातून आणलेला ४०० वॅटचा एसएमपीएस त्यांनी फळीवरून काढून दिला. "उधार. परत आण."

महिन्याभराने नागपूरहून नवा आणला आणि त्यांचा परत करायला गेलो. अन्नांनी पंख्यात बोट फिरवून धूळ किती बसली ते पाहिलं, डबा फळीवर ठेवला. पैशांचं विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं करून रेडिओ खरखरवत बसले. निदान चहाचे तरी मी देईन म्हटलं, तर तेही त्यांनी आधीच देऊन टाकले होते.