मुकी पेटी

सप्ताहाच्या भजनाचे सूर देवळावरील कर्णा वेशीपर्यंत पोचवितो. तंबोऱ्याचा खर्ज मात्र त्याला पेलत नाही. खर्जासाठी रुंद पडद्याचा स्पीकर हवा, आणि तो घरच्या घरी बांधता येतो.

नवशिक्याने पूर्ण पल्ल्याचा एकच सहा इंची स्पीकर घेऊन बंद पेटीने आरंभ करावा. पडदा पुढे सरकतो तेव्हा मागची हवा विरळ होते. ही मागची लहर वळसा घालून पुढच्या लहरीस भेटली की खर्ज जागच्या जागी विरतो. तिला कोंडण्यासाठी पेटी. तिचे घनफळ अंदाजाने ठरवू नये. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलेल्या व पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वाढविलेल्या गणिताचे आकडे चांगल्या स्पीकरसोबत मिळतात.

आमच्या सुताराने पातळ, नाद देणारे लाकूड सुचविले. पेटी म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे हार्मोनियम उभी राहिली असावी! तंबोऱ्याचा भोपळा गाण्यासाठीच असतो. ही पेटी मुकी हवी. म्हणून १८ मिलिमीटरचे प्लायवुड, आत आडवा टेकू, सांध्यांत सरस व भुसा, पोटात थोडा कापूस. बोटाने ठोकता 'ठप्' वाजावे, 'ठण्' नव्हे.

आमच्या दिवंगत आत्याबाईंच्या अभंगांची एकच फीत उरली आहे. ती मोनो असल्याने एक पेटी पुरली. अभंगापूर्वी तंबोरा झंकारला, आणि खर्जाची तार किंचित उतरलेली आहे, हेही आम्हांस प्रथमच कळले.