माळा आणि दुसरा आचारी

मी कला शाखेचा पदवीधर. व्याकरण आणि इतिहास शिकवावा, एवढीच माझी पात्रता. तरीही शिक्षकांत वयाने लहान म्हणून संगणककक्षाची किल्ली माझ्या खिशात येऊन पडली.

त्या कक्षात अवघ्या २ गिगाबाइट मेमरीचा एक वृद्ध संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते. गतवर्षी वार्षिकासाठी नववीतील एक मुलगी आपला लेख त्यावर उतरवीत होती. सोबत इंटरनेटवरील चारपाच पाने उघडी होती. एकाएकी लेखाची खिडकी मिटली आणि शेवटचे अर्धे पान नाहीसे झाले. “सर, हांवें कांयच करूंक ना,” ती रडवेल्या स्वरात म्हणाली. घरची बोली कानी पडूनही माझे मन द्रवले नाही. “न पाहता कळ दाबली असशील,” असे मी चार मुलांदेखत तिला सुनावले.

सायंकाळी मात्र चैन पडेना. लिनक्सचे कर्नेल, म्हणजे त्याचा गाभा, आपली रोजनिशी ठेवते. ‘डीमेसग’ ही आज्ञा दिली की ती वाचायला मिळते. तीत स्वच्छ लिहिले होते: मेमरी संपली, प्रक्रिया बंद केली. खिडकी मिटणारा हात त्या मुलीचा नव्हे, कर्नेलचा होता! मेमरी अगदीच संपली की उरलेल्यांना वाचविण्यासाठी ते एखाद्या खादाड प्रक्रियेचा बळी देते. ती ओळ मी वहीत उतरून घेतली.

पण अशी पाळी का यावी? आमच्या घरी ओटा लहान. चतुर्थीला पाहुणे आले की लगेच न लागणारी भांडी आई माळ्यावर ठेवी. शिडी चढण्यात वेळ जाई, पण ओटा मोकळा होई. हार्ड डिस्कवरील ‘स्वॅप’ म्हणजे असाच माळा. ‘फ्री’ या आज्ञेने पाहतो तो स्वॅप शून्य! माळा होता; शिडी भलत्याच ठिकाणी लावलेली. दुसरी प्रणाली बसविताना कोणीतरी तो विभाग नव्याने आखला होता. त्याचा ओळखक्रमांक बदलला, ‘एफएसटॅब’ फाइलीत मात्र जुनाच राहिला. नवा क्रमांक लिहून ‘स्वॅपऑन’ म्हटले आणि माळा उघडला.

तरी यंत्र रेंगाळेच. प्रोसेसर दुहेरी, आणि ‘एनप्रॉक’ मात्र एकच सांगे. अनेक प्रोसेसर हाताळण्याची विद्या लिनक्सला १९९६ च्या २.० आवृत्तीपासून अवगत आहे. मग अडले कोठे? यंत्र सुरू होतानाच्या आज्ञेत ‘नोएसएमपी’ हा शब्द कोणी, बहुधा दुसऱ्याच बिघाडावर तोडगा म्हणून, घालून ठेवला होता. दोन आचाऱ्यांपैकी एकाला ओसरीवर बसवावे, तसे! ग्रबच्या फाइलीतून तो शब्द काढला, ‘अपडेट-ग्रब’ चालविले, यंत्र पुन्हा सुरू केले. एनप्रॉकने ‘२’ असे उत्तर दिले तेव्हा मला वर्गाचा निकाल चांगला लागल्याचा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच चार मुलांसमोर मी वहीतली ओळ तिच्यापुढे धरली आणि म्हणालो, “चूक माझी होती.” तिने ती दोनदा वाचली. अर्धे पान तिने पुन्हा लिहून दिले. पहिल्यासारखे ते उतरले नाही, असे तिचे मत. पहिले मी वाचलेच नव्हते.