तेल खाणारे जरासीम

दहावीचे विज्ञान शिकवताना दरवर्षी मी एका ओळीवर थांबते. बालभारतीच्या पुस्तकात, दुसऱ्या भागात, सूक्ष्मजीवांचा धडा आहे. समुद्रात सांडलेले तेल नष्ट करणाऱ्या जीवाणूंची नावे तिथे दिली आहेत : स्युडोमोनस आणि अल्कॅनिव्होरॅक्स. माझी शाळा घाटकोपरमधली, उर्दू माध्यमाची. आमच्या रोजच्या बोलण्यात जीवाणूंना शब्द एकच, जरासीम. आणि जरासीम म्हणजे बीमारी, गंदगी, हात न धुतल्याची सजा. ते कुणाच्या कामी येतात, हे मुलींना पटत नाही.

"टीचर, जरासीम तेल खाते हैं? फिर बीमार कौन पडता है?" तीन वर्षांपूर्वी एकीने विचारले. वर्ग हसला. मला मात्र अब्बा आठवले.

आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. अब्बा बॉम्बे हायवर एका ठेकेदाराकडे खानसामा होते. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर हे तेलक्षेत्र. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. अब्बा चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. ते आले की अम्मी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. तरी त्यांचा तेलकट वास जायचा नाही.

अब्बा सातवी शिकलेले. पण इंजिनियर लोक जेवताना जे बोलत ते कान देऊन ऐकायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे. "लोकांना वाटतं, खाली तेलाचं तळं आहे. तळं नाही गं, दगड आहे. स्पंजात पाणी मुरावं तसं तेल दगडात मुरलेलं असतं. वर येतं ते थोडं, आत राहतं ते जास्त."

बी.एस्सी.ला गेल्यावर कळले की अब्बांचे खरे होते. जगातल्या बहुतेक तेलक्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकाच्या बारीक छिद्रांतच अडकून राहते. ते सोडवण्यासाठी जे उपाय करतात, त्यांतला एक जीवाणूंचा आहे. विहिरीत जीवाणू आणि त्यांचे खाद्य, बहुधा साखर कारखान्यातली मळी, सोडतात आणि विहीर काही दिवस बंद ठेवतात. आत ते वाढतात. त्यांनी सोडलेल्या वायूने दाब वाढतो, आम्लाने चुनखडकाची छिद्रे रुंदावतात. काही जाती साबणासारखे पदार्थ तयार करतात, त्यामुळे दगडाला चिकटलेले तेल सुटते. पण जमिनीच्या पोटात उष्णता फार असते, साधे जीवाणू तिथे मरून जातात. म्हणून दिल्लीच्या टेरी संस्थेने ओएनजीसीच्या अहमदाबाद येथील संस्थेबरोबर ९० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरणारे जीवाणू शोधले. गुजरातच्या विहिरींत ते वापरलेही गेले.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात पसरले. मी तेव्हा बी.एड. करत होते. रमजान तोंडावर आलेला आणि मासळी खावी की नाही, अशी कुजबूज घरोघर चाललेली. कोकण्याच्या घरात मासळी नाही म्हणजे दस्तरखान सुनाच. ते तेल साफ करायला टेरीचे 'ऑइलझॅपर' आणले गेले. डॉ. बनवारी लाल यांच्या गटाने तयार केलेली ही भुकटी. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भुगा आणि त्यावर बसवलेल्या जीवाणूंच्या पाच जाती. तेल खाऊन ते त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. मी वाचून दाखवले तेव्हा अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्यांना आपण फिनेलने मारतो तेच का हे?"

हे सगळे मी वर्गाला सांगितले. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारणारी मुलगी एक बाटली घेऊन आली. तिचे अब्बू कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये मिस्त्री. बाटलीत गाडीचे काढलेले काळे तेल होते. "टीचर, ये नाली में जाता है. इसमें जरासीम डालें तो?" मी सांगितले की या तेलात झिजलेल्या इंजिनाचे धातूही असतात. जीवाणू तेल खातील, धातू तसेच राहतील. शिवाय त्यांना हवा लागते, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. तिने सगळे वहीत उतरवून घेतले.

दहावीला तिला चांगले गुण मिळाले. मी घरी गेले तेव्हा तिचे अब्बू हात पुसत बाहेर आले. हात स्वच्छ होते, तरी पुसत होते. "टीचर, ग्यारहवीं का सायन्स इंग्लिश में. उर्दूवाली बच्ची टिकेगी क्या?"

त्यांना मी चुकीचे ठरवू शकले नाही. अकरावीत पहिले तीन महिने मी शेवटच्या बाकावर बसून रडले होते. 'सोल्युशन' म्हणजे आपले 'महलूल', एवढे कळायला मला आठवडा लागला होता. विचारायची लाज वाटायची. माझ्याबरोबर सायन्सला गेलेल्या चौघींपैकी दोघींनी दिवाळीच्या सुट्टीतच कॉलेज सोडले. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या.

मी म्हटले, "दर रविवारी माझ्याकडे पाठवा. फी नको."

ते म्हणाले, "देखते हैं."

त्या रविवारी ती आली. आम्ही एका वहीत तीन रकाने आखले : उर्दू, मराठी, इंग्रजी. पहिला शब्द तिनेच लिहिला, जरासीम. पुढे मी जीवाणू लिहिले. तिने ते हळूहळू वाचले आणि विचारले, "टीचर, इसमें जीव है ना?"

मी हो म्हटले, आणि तिसऱ्या रकान्यातला शब्द तिला लिहायला सांगितला.