धुऱ्याचा कायदा

रोवणी उरकली की दवनीवाड्याच्या शिवारातली भांडणं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येतात. पाऊस ओढ देतो तेव्हा वरच्या बांधीवाला पाणी अडवून धरतो. चार दिवस झड लागली की तोच धुरा फोडून मोकळा होतो. खालच्याचा नुकता रुजू लागलेला धान गाळात आडवा पडतो. खालचा माणूस बहुधा लहान शेतकरी. तो ओरडतो, शिव्या देतो, आणि संध्याकाळी वाकून एकेक रोप पुन्हा उभं करत बसतो.

या माणसाची दाद बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवली आहे. ज्याने आपला बांध राखण्यात हयगय केली आणि पाणी फुटून दुसऱ्याचं शेत वाहून गेलं, त्याने बुडालेलं धान्य भरून द्यावं. हे वाचलं तेव्हा मला युफ्रेटिसपेक्षा वैनगंगाच आठवली. त्या संहितेत दोष आहेत. सरदाराचा डोळा आणि गुलामाचा डोळा तिथे एका मोलाचा नाही. तरीही शेवटी राजा सांगतो की अन्याय झालेल्याने या शिळेपुढे यावं, लेख वाचून घ्यावा आणि आपला हक्क समजून घ्यावा. मला त्या काळ्या दगडाचं खरं मोल इथे वाटतं. पंचाच्या मनात असलेला नियम पंचाच्या मर्जीने बदलतो. कोरलेल्या नियमाकडे मात्र दुबळाही बोट दाखवू शकतो.

आपल्याकडेही असा दगड आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची शिळा नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, आणली गेली. तिच्यावरची जुनी ब्राह्मी अक्षरं अशोकाच्या काळच्या वळणाची. झिजलेल्या ओळींतून एवढं लागतं की प्राण्यांना पकडण्या-मारण्याला मनाई आहे, आणि मोडणाऱ्याला दंड आहे. कुणा धन्याची आज्ञा, चिकंबरी गावासाठी. ते गाव म्हणजे शेजारचं चिकमारा, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी दाखवलं. पुढे सुमारे सहाशे वर्षांनी वाकाटक रुद्रसेनाने त्याच शिळेवर आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरवला. झाडीच्या मुलखात मौर्यांच्या काळी गावासाठी लेखी हुकूम आला होता, या विचाराने मी अजून थरारतो.

आणि आपल्या तलावांचा कायदा? इंग्रजी अमदानीत जमीन-बंदोबस्ताच्या वेळी गावोगावचे रिवाज वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात नोंदवले गेले. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण तो कागद राहिला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, खास विदर्भासाठी, कलम 165 मध्ये त्याला जागा दिली: सिंचनाचा हक्क, वहिवाटीची वाट, मासेमारी. इथे राजाने वरून फर्मान सोडलेलं नाही. गाव जे पाळत आलं तेच सरकारने लिहून घ्यायचं. मला हे हम्मुराबीच्या शिळेहून मोठं वाटतं.

आज मामा तलाव, म्हणजे हेच माजी मालगुजारी तलाव, गाळाने भरत चाललेत, काठांवर अतिक्रमणं होताहेत, आणि पाण्याचा तंटा झाला की आपण थेट ठाण्याची पायरी चढतो. त्याआधी कुणीतरी महसूल कार्यालयातून आपल्या गावाच्या वाजिब-उल-अर्जची नक्कल काढावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. मासेमार ढिवरांना आणि खालच्या बांधीवाल्यांना पुढे बसवून वाचावी.