तिकोणा पेठ आणि 'अहमद' हे नाव

कामशेत स्टेशनावर उतरून पवनानगरच्या रस्त्याने गेले की धरणाचे पाणी दिसू लागते आणि जवळच तीन कोनांचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी तिकोणा पेठ. किल्ल्याला कुणी तिकोणा म्हणते, कुणी तिकोना. दुसरे नाव वितंडगड. गावातून निघून तासाभरात माथ्यावर पोहोचता येते, पण शेवटच्या उभ्या पायऱ्या चढताना चांगलाच दम लागतो. वर महादेवाचे मंदिर, समोर तुंग, दुसऱ्या बाजूला लोहगड आणि विसापूर.

सुट्टीत आम्ही घरची मंडळी तिथे गेलो, तेव्हा एक वाद सोबतच होता. धाकट्या भावाला मुलगा झाला होता. अकीका एकविसाव्या दिवशी करायचे ठरले, पण नाव ठरेना. अब्बांना 'अहमद' हवे होते. भाऊ मोबाइलवर नवी, छोटी नावे शोधत होता. त्यांतल्या निम्म्यांचे अर्थ कुठल्याच शब्दकोशात सापडत नव्हते. 'अहमद फार जुने वाटते,' असे त्याचे म्हणणे.

दरवाजाच्या सावलीत बसल्यावर आम्ही त्याला म्हटले, तू बसला आहेस तो किल्लाच एका अहमदने जिंकला होता. जुन्नरहून निघालेल्या मलिक अहमदने १४८५ च्या सुमारास शिवनेरी, लोहगड, तुंग, तिकोणा असे एकेक गड घेतले. तोच पुढे पहिला निजामशाह, अहमदनगर वसवणारा. (त्या शहराचे सरकारी नाव आता अहिल्यानगर आहे.) फरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार त्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. म्हणजे हे अरबी नाव मावळात आले ते इथल्याच मातीतल्या माणसाबरोबर. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये गड घेतला, १६६५ च्या पुरंदर तहात तो मोगलांकडे गेला, तो इतिहास सर्वांना ठाऊकच आहे.

आता अर्थ. अलिफ, बडी हे, मीम, दाल. मूळ धातू 'हम्द', म्हणजे स्तुती. 'अलहम्दुलिल्लाह' मध्ये तोच आहे. मुहम्मद, महमूद, हामिद, हमीदा ही सगळी एकाच घरची भावंडे. अहमद म्हणजे सर्वाधिक स्तुती करणारा किंवा सर्वाधिक स्तुतीस पात्र. अरबी व्याकरणात दोन्ही अर्थ बसतात. कुरआनात सूरह सफ्फच्या सहाव्या आयतीत हजरत ईसा (अ.) आपल्यानंतर येणाऱ्या 'अहमद' नावाच्या रसूलची खुशखबर देतात. म्हणून हे आपल्या नबींचे (स.) नाव.

नावे घराघरांतून कशी फिरतात याचेही उदाहरण याच निजामशाहीतले. मालोजीराजे भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरांच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगितले जाते. जुन्या नावाची लाज कुणालाच वाटली नव्हती, ना आपल्या ना शेजाऱ्याच्या.

भाऊ काही बोलला नाही. माथ्यावर पोहोचल्यावर त्याने एवढेच विचारले, 'मराठीत लिहायचे कसे?'

हा खरा प्रश्न. शाळेच्या जनरल रजिस्टरात आम्ही अहमद, अहेमद, अहमेद आणि आमद, चारही वाचले आहेत. कधी कधी एकाच मुलाच्या कागदांवर. इंग्रजीत तर शेवटच्या अक्षराआधी कुठे 'ए', कुठे 'ई'. दहावीच्या फॉर्मच्या वेळी, पुढे पासपोर्टच्या वेळी बाप रजा टाकून कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. जन्मनोंदणीत बाळाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, तेव्हा घाई नको. पण एकदा लिहाल ते दोन्ही लिप्यांत ठरवून लिहा, आणि आधार, शाळा, सगळीकडे तेच ठेवा.

भावाने तिथेच वहीच्या पानावर उर्दू, मराठी आणि इंग्रजीत नाव लिहून घेतले. 'अहमद'. अब्बांना फोन लावला, पण आवाज तुटत होता, त्यामुळे खाली पेठेत येईपर्यंत थांबावे लागले.

दादी मात्र आतापासूनच त्याला 'आमद्या' म्हणते. तिला कोण सांगणार?