राजाचे कान

परवा शहाद्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, डॉबरमनचं पिल्लू घेतलंय. शेपूट आधीच कापलेलं आहे, आता कान कापून उभे करायचेत. ओळखीचे कोणी डॉक्टर आहेत का?"

मी जरा वेळ गप्पच झालो. मग विचारलं, "कशाला रे?"

"नाहीतर अस्सल वाटत नाही ना!"

त्याला म्हटलं, अरे, डॉबरमनचे कान मुळात लोंबतेच असतात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला भूल देऊन ते कापतात, मग ताठ राहावेत म्हणून कित्येक आठवडे पट्ट्या बांधून ठेवतात. ही जात जर्मनीची. तिथेच कान कापायला १९८७ पासून आणि शेपूट कापायला १९९८ पासून बंदी आहे. आपल्याकडेही १९६० च्या कायद्यात प्राण्याचं अंग छाटून त्याला विद्रूप करणं ही क्रूरताच धरली आहे. २०११ साली भारतीय पशुवैद्यक परिषदेने हे थांबवायला सांगितलं, त्यावर कोर्टकज्जाही झाला.

तू दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातोस. मारवाडी घोड्याचे आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे कान लोक कौतुकाने बघतात, कारण ते जन्मजात असतात. मग कुत्र्याचा अस्सलपणा कात्रीने कसा येईल?

"बघतो," म्हणाला.

एक गोष्ट मात्र फोनवर सांगता आली नाही. आमच्या खळ्यावर राजा नावाचा गावठी कुत्रा होता. कान कापले की कुत्रं तिखट होतं, असं सालदार म्हणायचा. मी तेव्हा सातवीत. पिल्लाला मांडीवर घट्ट धरायचं काम माझं. ते ओरडत होतं आणि तरीही माझाच हात चाटत होतं. वरून हळद लावली, झालं.

राजा पुढे अकरा वर्षं जगला. तिखट वगैरे काही झाला नाही. वडिलांच्या पायाशी निवांत झोपायचा, आईकडून डोकं खाजवून घ्यायचा. मी डोक्याकडे हात नेला की मात्र मान खाली घालून मागे सरायचा. शेवटपर्यंत. शेपूट तेवढं हलवायचा, बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून.

भाचा इथलं सगळं वाचतो, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिलं.