झाकण उघडायचे दिवस

२००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि सातारा-सांगलीकडच्या मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटर यायला लागला. पोरं सुटीत कोर्स करायची आणि मग घरी हट्ट धरायची. ब्रँडेड मशीन घेणारे थोडे, बहुतेकांकडे असेंबल्डच. साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागेत दुकानदाराला बजेट सांगायचं, तो पुण्याहून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट मागवायचा. पेंटियम फोर, १२८ एमबी रॅम आणि ४० जीबीची हार्डडिस्क म्हणजे थाट!

त्या मशीनचं झाकण घरातल्या घरात उघडलं जायचं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. स्क्रीन काळा राहिला आणि लांब बीप वाजत राहिले, तर रॅमनं जागा सोडली हे शाळकरी पोरालाही कळायचं. प्लग काढायचा, सीपीयूच्या लोखंडी अंगाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची आणि रॅमची पट्टी उपसायची. तिच्या सोनेरी टोकांवरून पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा, चुरा ब्रशनं झाडायचा. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ आत जाते. मग दोन्हीकडच्या खटक्या ‘टक्’ वाजेपर्यंत पट्टी दाबायची. मशीननं एकदाच बारीक ‘पिक’ केलं की सगळं घर खूश. घड्याळ रोज मागं पडत असेल, तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलायचा. हे उपाय डेस्कटॉपला आजही तसेच लागू पडतात.

धुळीची तऱ्हा गावागणिक वेगळी. सांगलीत मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या आमच्या मावशीच्या सीपीयूतून हळदीची पिवळसर धूळ निघायची. साताऱ्याच्या पावसाळ्यात ओल धरायची, म्हणून काम नसलं तरी मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवायचं. त्यात लोडशेडिंग! यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकायची आणि लाइट जाताच मशीन धाडकन बंद पडायचं. हार्डडिस्क बिघडायची ती अशानंच.

आता लाइट तेवढी जात नाही आणि मशीनही उघडलं जात नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती पुढं वाढवता येत नाही. घेतानाच दुकानदाराला विचारा, ‘रॅमचा जादा स्लॉट आहे का?’ नसेल तर सुरुवातीलाच १६ जीबीचा घ्या. मात्र एक गोष्ट तेव्हा स्वप्नातही नव्हती, ती म्हणजे एसएसडी. दहा वर्षं जुन्या मशीनची फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, की घरकामाला ते मशीन सहज पुरतं. पंख्यात साचलेली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट नवी लावली, तर तापणंही थांबतं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत, म्हणून किती तरी धडधाकट मशीन भंगारात निघाली. हे मला पटत नाही. अशा मशीनवर लिनक्स मिंट चालतं, फुकट मिळतं आणि पोरांच्या अभ्यासाला पुरून उरतं.

पण मशीनपेक्षा मोलाचं आत असतं: फोटो, कागदपत्रं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीत किती घरांतले सीपीयू गाळात बसले. २००५चा पूर पाहिलेल्यांनी आधी टेबलावर, मग माळ्यावर सामान चढवलं, तरी काहींच्या घरी पाणी माळ्यापर्यंत पोचलं. भिजलेलं मशीन चालू करून बघायचा मोह आवरावाच लागतो; डिस्क तशीच जाणकाराकडे न्यावी. चालू केली की उरलीसुरली आशाही जाते. त्या पुरानंतर आमच्यात एक रीत पडली: सांगलीच्या फोटोंची आणि कागदपत्रांची एक प्रत साताऱ्यात, साताऱ्याची सांगलीत. पूर एकाच वेळी दोन्ही घरांत शिरत नाही.

तुमचंही कुणी दुसऱ्या गावात असेलच. एक एक्स्टर्नल डिस्क घ्या, घरातलं सगळं तिच्यात उतरवा आणि पुढच्या खेपेला जाताना ती त्यांच्याकडे ठेवून या. पावसाळ्याच्या आत तेवढं कराच.